मामांच्या भाषणातली एक ओळ

माझे सासरे, जळबामामा, ठणठणीत आहेत. तरी परवा त्यांनी मला स्वतःच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे मरणानंतरच्या कार्यक्रमाचं, भाषण लिहायला बसवलं. शेजारच्या मयताला कार्यक्रमात सगळ्यांनी ‘शांत स्वभावाचे’ म्हटलेलं त्यांना झेपलं नव्हतं.

"जन्मभर भांडला, आन् मेल्यावर शांत? शीतल, तू तत्त्वज्ञान शिकली. माझं खरं खरं लिही."

मी लिहिलं, ‘जळबा निर्व्यसनी होते.’

"खोड ते. तंबाखू काय तू खाती?"

मी खोडलं.

"आता लिही, नातीला सिद्धेश्वरच्या पाण्यात पोहायला शिकवलं."

माझी दीक्षा सात वर्षांची आहे. ती बादलीतून अंगावर पाणी घेते, तेव्हासुद्धा मी दारात उभी असते.

"मामा, तुमी कुठं शिकवलं?"

"तू शिकवू देती व्हय? मग खोड तेबी."

‘मरणाच्या भीतीनं जगणं पुढं ढकलू नये’ असा निबंध मी कॉलेजात लिहिला होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. आता एक ओळ खोडायला माझा हात उचलेना. दीक्षा तर टॉवेल घेऊनच उभी होती.

"कधी जायचं?" मी विचारलं.

"आत्ताच. भाषण कवा लागंल, सांगता येतंय का?"

दुपारी आजोबा आणि नात सिद्धेश्वर जलाशयाच्या काठाजवळच्या उथळ पाण्यात उतरले. दीक्षाच्या कमरेला हवा भरलेली ट्यूब होती, ट्यूबला दोन दोऱ्या होत्या आणि दोन्ही मी गच्च धरल्या होत्या.

"शीतल," मामा पाण्यातून ओरडले, "भाषणात दोऱ्याबी लिही. खोटं नगं!"