बाटली रिकामी परत करायची नसते

अरुणाताईंच्या गुडघ्यांना दिवाळीपर्यंतची मुदत होती. तोवर ऐरोलीच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगीचे चार मजले त्या आपल्या पायांनी चढू लागल्या नाहीत, तर फ्लॅट विकून डोंबिवलीला यायचं, असं लेकाने, आशुतोषने, ठरवून टाकलं होतं. डोंबिवलीत लिफ्ट होती आणि सूनही होती. दोन्हींत अडकायची ताईंना धास्ती होती.

म्हणून हॉस्पिटलात गुडघे-कंबरदुखीच्या गोळीवर संशोधन सुरू झाल्याचं कळताच त्यांनी नाव घातलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सकिनाभाभींचंही घातलं. भाभींची कंबर धरलेली असायची. दोघींना सारख्याच बाटल्या, दिसायला सारख्याच गोळ्या मिळाल्या.

"काहींच्या गोळीत अफूच्या जातीचं औषध आहे, काहींच्या गोळीत नुसती साखर," डॉक्टर ईश्वरी म्हणाली. "कुणाला काय मिळालंय, मलाही ठाऊक नाही."

"डॉक्टरलाच ठाव नाय," बाहेर आल्यावर भाभी म्हणाल्या, "आन् गिळायची आपन."

आपली गोळी खऱ्या औषधाची, हे आठवडाभरात ताईंना कळून चुकलं. गुडघे गप्प झाले, दुपारी डोळा लागू लागला आणि पोट रुसून बसलं. भाभी मात्र जिन्याचा कठडा धरून अल्लाचं नाव घेत होत्या. खाली बाई विव्हळतेय आणि वर आपण सुखात, हे ताईंना गिळवेना. लाडवांचा डबा दार लावून एकटीने संपवल्यासारखं वाटायला लागलं. त्यांनी निम्म्या गोळ्या एका बाटलीत भरून खाली दिल्या.

भाभींनी त्या आपल्या बाटलीत ओतून घेतल्या. पण शेजारणीचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? त्यांनी त्यात आपल्या बाटलीतल्या गोळ्या भरल्या आणि बाटली वर नेऊन दिली. ताईंनीही नेहमीच्या सवयीने ती आपल्या बाटलीत ओतली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुठली गोळी कुठली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. शेवटी सगळ्या एका परातीत घेऊन दोघींनी सारख्या वाटून घेतल्या.

पुढच्या तपासणीला ईश्वरीने विचारलं, "पोट साफ होतं का?"

"एक दिवस माझं, एक दिवस यांचं," ताई म्हणाल्या, आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

ईश्वरीने पेन खाली ठेवलं. "काकू, ही औषधं आहेत. हळदीकुंकवाचं वाण नाही."

"दुखणं सारखंच ना गं दोघींचं?"

"उरलेल्या गोळ्या जमा करा. अशी औषधं वाटणं धोक्याचं असतं. दोघीही संशोधनातून बाद. यापुढे मी लिहून देईन तेवढंच घ्यायचं, आपापलं."

न्यायला आलेला आशुतोष दारात उभा होता. "म्हणजे आता डोंबिवली," तो म्हणाला.

रिक्षातून उतरल्यावर जिन्यापाशी भाभींनी तोंड उघडलं. "तुमाला सांगायची काय गरज होती? पोटाचं इचारलं, तर पोटाचं सांगायचं."

"आणि तुम्हाला बाटली भरायची काय गरज होती?"

"मंग काय, रिकामी पाठवू? तुमीच नावं ठेवली असतीत."

"मी कधी ठेवलीत नावं?"

"ईदच्या डब्याच्या टायमाला."

"तो डबा झाकणाशिवाय आला होता, भाभी."

डब्याचं झाकण निघालं तसं मागचं सगळंच निघालं. भांडण वर चढत गेलं. मागून आशुतोष पिशव्या घेऊन धापा टाकत होता. चौथ्या मजल्यावर ताईंनी आपलं दार उघडलं, तरी भाभी बोलतच होत्या. मग इकडेतिकडे बघत त्या थांबल्या.

"ताई, माजं घर खाली राह्यलं."

आशुतोष शेवटच्या पायरीवर टेकला. "आई, पाणी दे," तो म्हणाला. "फ्लॅटचं दिवाळीनंतर बघू."