मथळ्यात न छापलेल्या तारखा

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी अहवाल काढते. कोणत्या लाइनवर शंभरात किती बाटल्या तडकल्या, त्याचे. कॉम्प्युटरवर तारखा आणि पाळी निवडायची, की तेवढेच आकडे वेगळे होऊन समोर येतात. फक्त काय निवडलंय ते मथळ्यात उमटत नसे. तिथे मी एकदाच टाइप करून ठेवलं होतं, 'वार्षिक तपासणी अहवाल'.

तिसऱ्या लाइनच्या सुपरवायझरांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी मला टोकलं होतं, "अगं, कुठपासून कुठपर्यंतचे आकडे ते वर छापत जा. कागद हातातून सुटला की कोण विचारायला येतंय?"

"करते हो," म्हणून मी वेळ मारून नेली.

वर्षअखेरच्या बैठकीत साहेबांनी माझा कागद वाचला. बाकीच्या लाइनवर शंभरात दोन, मास्तरांच्या लाइनवर नऊ.

"वर्षभर झोपा काढल्या का?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. मास्तर मान खाली घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना पॅकिंगला पाठवलं.

आठवड्याने साहेबांनी आणखी एक प्रत मागितली, तेव्हा माझी नजर तारखांच्या चौकटीवर पडली. एक ते पंधरा मार्च! मीच चाचणीसाठी टाकलेल्या तारखा तशाच राहिल्या होत्या. त्या पंधरवड्यात तिसऱ्या लाइनवर नवा साचा बसवत होते, बाटल्या तडकणारच. मी पूर्ण वर्ष निवडलं. मास्तरांचा आकडा सगळ्यांत कमी निघाला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्त करून टाक गुपचूप. पुन्हा बोभाटा कशाला?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. दोन दिवस मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी पॅकिंगमध्ये मास्तर दिसले. डोळ्यांवर कोरा चष्मा.

"डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे," ते ओशाळून हसले. "पण शंभरात नऊ म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार ना? हट्टानेच चष्मा घेतला. घरी सांगून टाकलंय, आता काम जमत नाही, सोडतो."

मी सगळं भडाभडा सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"परवा."

"परवा," ते एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सोमवारच्या बैठकीत मी न विचारता उभी राहिले. नव्या कागदाचा मथळा तारखांसकट मोठ्याने वाचला, आधीचा कुठल्या पंधरा दिवसांचा होता तेही सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. चूक माझी होती आणि ती लपवलीही मीच, हेही कबूल केलं. साहेबांना मास्तरांची माफी मागावी लागली.

मास्तर तिसऱ्या लाइनवर परतले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सरकून बाकावर मला जागा करून दिली. मी बसले. डबा उघडला, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.