बुचड्यातली गोल्टी

मित्रांनो, भिंतीला पाठ लावून ताठ उभी असलेली ही जुनी लाकडी फळी म्हणजे मी. दाराची फळी समजू नका हं! माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत आकड्यांच्या रेघा आहेत आणि एक आडवी पट्टी माझ्यावरून वर-खाली सरकते. देवळा तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीत लेकरांची उंची मोजायची, हे माझं काम.

मला घडवलं चिमाजी सुतारांनी. भारी चिकट माणूस! रंधा मारायचे, गुण्या लावून काटकोन तपासायचे, पुन्हा रंधा मारायचे. माझा तर जीव मेटाकुटीला यायचा. एका फळीनं एवढं सरळ कशाला असायला हवं, असं मला वाटायचं.

ते मला कळलं सुवर्णाताईंमुळे. सुवर्णाताई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या ताई. एकदा त्यांनी आया-आज्यांची बैठक घेतली. त्या म्हणाल्या की, जगात जागोजाग अशाच फळ्यांवर लेकरं मोजतात आणि त्या मापांवरून देश एकमेकांशेजारी ठेवून बघतात. कुठल्या देशात लेकरं नीट वाढतात, कुठं मागं राहतात, हे त्यावरून कळतं. कारखाने किती आणि रस्ते किती रुंद हे लोक बघतातच, पण देश किती पुढं गेला हे लेकराच्या उंचीवरूनही ओळखतात.

बाई गं, मी थक्कच झाले! मी कधी देवळ्याच्या बाजारापलीकडं गेले नाही, समुद्र कसला तो पाहिला नाही. आणि माझ्या रेघा दूरच्या नॉर्वेतही चालतात, आफ्रिकेतल्या घानातही चालतात! तिथलं लेकरूही असंच टाचा टेकवून, नाक ओढत उभं राहत असेल. त्या दिवसापासून मी आणखी ताठ उभी राहू लागले.

बैठकीला कुसाबाई आजीही होत्या. त्यांची सून उज्ज्वला कांदा लागणीला जायची, म्हणून साडेतीन वर्षांच्या तेजलला आजीच घेऊन यायच्या. तेजल मोठी गोड पोर, पण बरोबरीच्या पोरींच्या खांद्याला लागायची. गेल्या दिवाळीचा फ्रॉक तिला अजून बरोब्बर बसायचा. आजीला त्याचं कोण कौतुक! आमच्या पोरीला कपडे पुरतात, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. सुवर्णाताईंना मात्र त्याच फ्रॉकची काळजी लागली होती. पोर मागं पडतेय असं मापात दिसलं, तर तिला डॉक्टरांकडं पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं.

मोजमापाच्या दिवशी तेजल आली ती डोक्यावर हा एवढा बुचडा बांधून. मधोमध, टाळूवर! ती माझ्यापुढं उभी राहिली. सुवर्णाताईंनी पट्टी खाली आणली, तर ती बुचड्यावरच अडली. मला काही ते रुचेना. बुचडा सोडून मोजलं नाही तर पोर ठीक दिसणार, डॉक्टरांकडं जाणं राहून जाणार आणि फ्रॉक पुढच्या दिवाळीलाही बसणार. ओरडावं तर मला तोंड कुठलं?

सुवर्णाताईंनी बुचडा सोडला. केसांतून एक गोल्टी टपकन खाली पडली आणि गडगडत गेली. गोल्टी म्हणजे बारका कांदा. बाजारात त्याला कोणी नीट विचारत नाही. सगळ्या बाया हसल्या, तेजलही हसली. कुसाबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"देशाचं नाक कापलं जाया नको, म्हनून ठेवली," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात समदे ठेंगनेच हायेत, ताई. बीच तसं हाय. त्या बाहेरच्या लोकांची बरोबरी कशी व्हावी?"

सुवर्णाताई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की, जाणत्या लोकांनी सहा देशांतली लेकरं मोजून पाहिली, त्यात नॉर्वेची होती, घानाची होती, आपलीही होती. ज्यांना लहानपणी पोटभर सकस खायला मिळालं, ज्यांच्या दुखण्यांवर वेळेवर उपचार झाले, ती पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखीच वाढली. कुसाबाईंना काही ते पटेना. मग सुवर्णाताईंनी ती गोल्टी उचलून त्यांच्या हातात दिली.

"मावशी, तुमच्या दोन्ही वावरांत बी घरचंच होतं ना? मग वरच्या वावरात सगळी गोल्टी का निघाली?"

"तिथं पानी कमी पडलं," कुसाबाई म्हणाल्या. हातातल्या कांद्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच तेजलचे केस विंचरून सपाट केले आणि तिला पुन्हा माझ्यापुढं उभं केलं. या वेळी पट्टी नीट डोक्यावर टेकली. माप कमीच आलं, पण खरं आलं.

तेजलला डॉक्टरांकडं नेलं. औषध सुरू झालं, ताटात अंडं आलं, वरण घट्ट झालं. अशी वाढ रातोरात होत नाही मित्रांनो, मी वाट बघून बघून अवघडले. पण पुढच्या दिवाळीआधी कुसाबाई तो फ्रॉक हातात नाचवत आल्या. तोकडा झाला, तोकडा झाला, असं साऱ्या गल्लीला सांगत आल्या!

आता अंगणवाडीत नवी, चकचकीत पांढरी फळी आली आहे. मी कोपऱ्यात असते, माझ्यावर कधी ओली फडकी वाळत घालतात. रुसते मी, नाही असं नाही. पण तुम्हाला एवढंच सांगते, फळी जुनी असो की नवी, तिला सपाट जमिनीवर उभं करा आणि लेकरू मोजताना बुचडा सोडा. खोटी उंची दाखवून देश मोठा दिसेल, पोर मोठी होणार नाही.

परवा अंगणवाडी सुटल्यावर सुवर्णाताई आवरत होत्या, तेव्हा कुसाबाई मागं राहिल्या. माझ्यावरची फडकी त्यांनी बाजूला केली, चपला काढल्या, टाचा टेकवल्या आणि मला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं माझ्या वरच्या टोकाच्या कितीतरी खाली होतं.

"ताई, मला लहानपनी कोनी असं मोजलं असतं," त्यांनी विचारलं, "तर मी कुठवर पोचले असते?"

सुवर्णाताईंनी पट्टी हळूच त्यांच्या डोक्यावर टेकवली. माझ्या अंगावर एवढ्या रेघा आहेत मित्रांनो, पण त्यांना दाखवावी अशी एकही मला सापडली नाही.