सत्यशीला माझ्याखाली लपली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. नाक मुरडू नका! परतूरजवळच्या एका खेड्यात द्वारकाबाईनं दोन लुगडी आणि एक धोतर एकावर एक अंथरून मला शिवलं. टाके असे बारीक, की शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. मीही मग जरा फुगून बसायचे. तिची सहा वर्षांची सत्यशीला माझ्यात शिरून झोपेत लाथा झाडायची, तरी तिच्यावर माझा भारी जीव.

चौऱ्याहत्तर साली कापूस झकास पिकला. बाजारात जाईपर्यंत आतली खोली त्यानंच भरली होती. आणि आमची कोंबडी नेमकी त्यातच अंडी घालायची! एका दुपारी द्वारकाबाई अंगणात तुरी पाखडत होती. सत्यशीला अंडं शोधायला निघाली. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तिनं रॉकेलची चिमणी पेटवून नेली. कापूसच तो! ज्योत टेकली आणि भडका उडाला.

पोर घाबरली. पण बाहेर पळायचं सोडून ती पुढच्या खोलीतल्या बाजेखाली शिरली आणि मला डोक्यावरून ओढून घेतलं. "माय मारंल, माय मारंल," एवढंच पुटपुटत राहिली. धूर भरत चालला. 'अगं वेडे, पळ!' असं मला ओरडायचं होतं. पण वाकळेला कुठलं तोंड?

धूर पाहून द्वारकाबाई दारात धावली. "शीले! कुठं हाईस गं?"

पोर बाजेखाली आणखीच आत सरकली. माझा जीव टांगणीला लागला. पण लेकीची नाडी मायलाच ठाऊक! ती ओरडली, "शीले, मारणार न्हाई! बिलकुल न्हाई! जल्दी भाईर ये!"

तेव्हा कुठं पोर हलली. मला अंगावर घेऊनच रांगत दाराशी आली. मायनं तिला उचलून अंगणात नेलं, मग गल्ली धावली. मला रांजणात बुचकळून कापसावर टाकलं. माझा एक कोपरा जळाला, अर्धा कापूस गेला. जाऊ द्या!

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं नवा खेळ काढला. ती "आग, आग!" ओरडायची आणि गल्लीतली पोरं रांगत, खिदळत बाहेर लिंबाखाली जमायची. आगीचं सोंग मला दिलं होतं. काय थाट होता माझा!

"शीले, कुठं हाईस?"

"मी हिथं हाये माय, भाईर!"

खेळच होता, तरी द्वारकाबाईनं हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, चिमणी आणि काडेपेटीला हात लावू नका. पण चूक झालीच, तर लपू नका. बाहेर पळा, हाक मारा. माय रागावेल, रागावू द्या. रागावायला तिच्यासमोर तुम्ही तर पाहिजेत!