नव्या गॅसवरची गाय

बायको गेली आणि गाय माझ्या गळ्यात पडली. तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेली. माझ्याकडे फक्त शेण काढायचं खातं होतं. त्यात गाईला बेंबीपाशी हर्निया झाला. हीही गेली तर बायकोच्या हातचं जितंजागतं असं घरात काही उरणार नव्हतं. मेहुणीला सोबत घेतलं आणि गुरांचा मोठा दवाखाना गाठला.

तिथे दोन डॉक्टरांची जुंपलेली. मोठे डॉक्टर भूल द्यायच्या जुन्या गॅसचे, डॉक्टरीणबाई नव्या गॅसच्या. कुठल्या गॅसवरचं जनावर लवकर उभं राहतं, याची तुलना चालली होती. आमच्या वाट्याला नवा आला.

ऑपरेशन नीट झालं. जाड गाद्या लावलेल्या खोलीत गाईने डोळे उघडले, कान हलवले, रवंथही सुरू केला. उठेना मात्र.

"बघा तुमचा नवा गॅस," मोठे डॉक्टर म्हणाले. "जुन्यावरचा कालचा बैल एव्हाना मला लाथ मारून मोकळा झाला होता."

"सर, हिची भूल उतरलीय. ती नुसती बसलीय."

"नुसती बसलीय हे कशात धरायचं?"

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. एवढं वजन असंच पडून राहिलं तर खालचे पाय निकामी होतात, म्हणाले. मग जनावर उठतच नाही. मी गाईला ढकललं, चुचकारलं, शेवटी हात जोडले. ती रवंथ करत राहिली.

"भावोजी, ही आपणहून कधी लवकर उठलीय का?" मेहुणी म्हणाली. "ताई रोज पहाटे उठवायची हिला."

"कशी?"

"जाऊ द्या, राग येईल तुम्हाला."

"अगं बोल ना बाई!"

मेहुणीने कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "ऊठ गं भवाने! आतला कुंभकर्ण काही हलायचा नाही, निदान तू तरी हल!"

गाय धडपडत उभी राहिली. मी मटकन गादीवर बसलो. आवाज थेट बायकोचाच होता.

"हे काही गॅसचं यश नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग कुणाचं, सर?"

"माझ्या बायकोचं," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी मला उठवायला हात पुढे केला.

"राहू द्या," मेहुणी म्हणाली. "बसू दे त्यांना जरा."