कानशीची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी सुरी आहे. नाक मुरडू नका. पाठीवर कानशीचे दाते अजून दिसतात, पण धारेवर बोट ठेवायची छाती आजही कुणाची होत नाही.

माझा जन्म बडोद्याचा, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतला. रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करणाऱ्या प्रतापरावांनी मला घरीच घडवलं, आईच्या टोमण्यापायी. दर दसऱ्याला जिजाबाई आजेसासऱ्यांची तलवार पाटावर मांडत आणि लेकाला म्हणत, "घराण्यानं तलवार ठेवली. तू काय ठेवणार, पगाराची पिशवी?"

प्रतापरावांच्या मनाला ते लागलं. जवळ लोखंड घासायची एक झिजलेली कानस होती आणि नव्या, न गंजणाऱ्या स्टेनलेस पोलादाची पट्टी. कशाची सुरी करावी? ठरेना, म्हणून दोन्हींच्या केल्या. एकाच शेगडीत आम्ही लाल झालो, एकाच तेलात बुडालो. मी कडक निघाले. माझ्या स्टेनलेस बहिणीला हवी होती याहून मोठी आच, ती घरच्या शेगडीला कुठून यायची? ती दिसायला चांदी, अंगानं मऊ राहिली.

खंडेनवमीला कोहळा कापायचा मान आम्हा दोघींत कुणाचा, ते ठरायचं होतं. आदल्या दिवशी सूनबाई मंदाकिनीनं माझ्याकडून लिंबं चिरून घेतली आणि ओलीच टाकून दिली. सकाळी माझ्या अंगभर तांबडे डाग.

"आईसाहेब, हिला राहू द्या," प्रतापराव खाली मान घालून म्हणाले.

"ही घ्या की, आरसाच आहे," मंदाकिनीनं दुसरी पुढे केली.

"मग कुंकू लावायला ठेव," जिजाबाई म्हणाल्या. तरी तिलाच कोहळ्यावर टेकवून जोर दिला. कोहळ्याची साल चिरली नाही, तिची धार मात्र दुमडली. प्रतापरावांचा चेहरा पडला.

जिजाबाईंनी राख आणि काथ्या घेतला. मला घासलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. मग मी कोहळ्यात शिरले ती पाटावरच थांबले.

"आईसाहेब, ती पुन्हा गंजेल," प्रतापराव पुटपुटले.

"गंजेल तर. ही तलवार काय आपोआप चकाकते? तुझी आजी रोज पुसायची, मग मी." त्यांनी मला तलवारीशेजारी ठेवलं. "हे माझ्या लेकानं ठेवलं."

प्रतापराव डोळे पुसत परसात गेले. लोहार असून धूर लागला म्हणाले.

बहिणीशी माझं वैर नाही. लिंबं, कैऱ्या तिच्या; सुरण, भोपळा माझा. शेजारच्या गुजराती बायका मला अजून चप्पू, म्हणजे साधा चाकू, म्हणतात, म्हणू देत.

मित्रांनो, एवढंच मागते: काम झालं की मला पुसा. जिजाबाई आता नाहीत. मंदाकिनी म्हातारी झाली, पण रोज संध्याकाळी मला तेल लावते आणि आपल्या सुनेला दरडावते, "ओली टाकलीस तर याद राख. घरातलं शस्त्र आहे ते."