हरणीच्या पुढं

पळताना दम कसा टिकवायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं आमच्या पोलीस ट्रेनिंग सेंटरातल्या नव्या पोरी मला विचारतात. मी सांगते, म्हशीनं. पोरी हसतात. त्यांना वाटतं मोनाताई चेष्टा करतायत. चेष्टेची सवय मला आहेच, कोल्हापूरची आहे मी. पण ही गोष्ट चेष्टेची नाही. त्या म्हशीचे उपकार मी अजून रोज आठवते.

आमचं घर गावाच्या कडेला, गवळ्यांच्या गल्लीत. दावणीला पाच-सहा म्हशी. माझे वडील केरबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे. तिथं गिऱ्हाइकाच्या समोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. तरुणपणी आबा तालमीत होते, त्यामुळं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं एकच औषध होतं. ताप आला, दूध. परीक्षेत नापास झाली, दूध. पोरीला पोलीस भरतीत पळायचंय, मग तर दूधच.

२००३ साली मी पहिल्यांदा भरतीला उतरले. तयारी घरातल्या सगळ्यांनी मिळून करून घेतली. पहाटे आबा तांब्याभर धारोष्ण दूध समोर उभं राहून पाजायचे. माझा थोरला भाऊ धैर्यशील मला रंकाळ्याच्या रस्त्यावर न्यायचा आणि स्वतः मोटारसायकलवर बसून ‘पळ की, पळ की’ म्हणून ओरडायचा. त्याच्या मते पळण्यात एकच गोम होती, सुरुवातीलाच सगळ्यांना मागं टाकायचं. आणि आबांचं रोजचं सांगणं वेगळंच.

“तोंड मीट. तोंड उघडं टाकलं की दम निगून जातो. आमचा वस्ताद ह्येच सांगायचा.”

वस्तादांनी ते कुस्तीसाठी सांगितलं होतं, पळण्यासाठी नाही, हे तेव्हा ना आबांना सुचलं ना मला. मी पोटात तांब्याभर दूध घेऊन, ओठ घट्ट मिटून, जीव खाऊन पळायची. थोड्याच वेळात कुशीत चमक निघायची, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून उभी. धैर्यशील म्हणायचा, “ताकद कमी पडत्या.” दुसऱ्या दिवशी आबा तांब्या आणखी काठोकाठ भरायचे.

भरतीच्या दिवशी मैदानावर पहिल्या फेरीत मी सगळ्यांच्या पुढं होते. दुसऱ्या फेरीत सगळ्याजणी माझ्या पुढं होत्या. तिसऱ्या फेरीत मी आणि ते दूध, दोघंही मैदानावर होतो. जास्त सांगत नाही.

घरी आल्यावर कुणी रागावलं नाही, त्यानंच जास्त लागलं. राधानगरीहून एक स्थळ आलं होतं. मुलगा दूध सोसायटीत नोकरीला, स्वभावानं चांगला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण मला खाकी घालायची होती. शाळेत असताना चौकात ट्रॅफिक अडवून उभी असलेली एक बाई बघितली होती, एका हातानं ट्रक थांबवला होता तिनं. तेव्हापासून डोक्यात तेच होतं.

“एकदा झालं न्हवं? आता बास,” आबा म्हणाले. “राधानगरीच्या पावण्यांस्नी किती दिवस थांबवायचं?”

“आबा, अजून एकदा देतो,” मी म्हणाले. आमच्याकडं पोरीही अशाच बोलतात. “त्यात पडलो तर तुमी म्हणशीला त्या बोहल्यावर चढतो. तोंडातनं शब्द काढत न्हाई.”

आबांनी म्हशींपुढं वैरण सारली. मग म्हणाले, “एकदाच. फुडची भरती दिवाळीनंतर हाय. त्याच्यानंतर हट्ट करायचा न्हाय.”

म्हणजे मला एकच संधी होती, आणि माझा दम काही केल्या वाढत नव्हता. रोज तेच दूध, तेच मिटलेलं तोंड आणि तीच कुशीतली चमक. कधीकधी रंकाळ्याच्या कठड्याला टेकून मला वाटायचं की देवानं मला छातीच लहान दिलीय.

त्या पावसाळ्यात आबा गोठ्याच्या दारात शेवाळावरून घसरले. गुडघा गेला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून ते ओट्यावरच्या खाटेवर पडले आणि गोठा माझ्यावर आणि आईवर आला. धारा, शेण, वैरण, सगळं. कट्ट्याचं काम धैर्यशील बघायला लागला. मी म्हटलं, आता पळणंही गेलं. आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. म्हशींची शिंगं रंगवायची, गळ्यात घंटा आणि कवड्यांच्या माळा, शिंगांना मोरपिसं, आणि मग त्यांना मिरवत रस्त्यावर आणायचं. मालक पुढं पळतो, नाहीतर सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पळवतो, आणि म्हैस मोकळी त्याच्या मागून पळत येते. दावं नाही, काठी नाही. मालकाच्या हाकेवर म्हैस किती धावते यात त्याची इज्जत. पाडव्याला म्हैस न पळवणं म्हणजे आमच्या गल्लीत दिवाळीच न करण्यासारखं.

आमची पळणारी म्हैस हरणी. नाव हरणी, अंग रोडरोलरचं. तिला मोटारसायकलची भीती, त्यामुळं धैर्यशील बाद. ती फक्त हाकेच्या मागं यायची. आबा पुढं पळत एका चालीत तिला बोलवायचे, “हरणेऽ, ये ये ये ये.” हाक थांबली की हरणी थांबली.

“औंदा ऱ्हाऊ दे,” आबा खाटेवरून भिंतीकडं बघत म्हणाले.

“का ऱ्हाऊ दे?” आईनं भाकरी थापता थापता विचारलं. माझी आई बाळाबाई कमी बोलते, पण बोलली की विषय संपतो. “दोन महिनं झालं हरणी मोनाच्या हातचं खात्या. मोना पळवंल.”

“पोरीनं कधी म्हशी पळवल्यात व्हय?”

“शेण पोरगी काढती, धार पोरगी काढती. मग पळायलाच तेवढा गडी लागतोय व्हय?”

दुसऱ्या दिवशी धारा काढून झाल्यावर मी हरणीला घेऊन मागच्या माळावर गेले. आबांना खाटेवरून उठता येत नव्हतं, त्यामुळं तांब्या घेऊन कुणी आडवं आलं नाही. रिकाम्या पोटाचा फायदा मला पुढं समजला, त्या दिवशी नाही.

दावं सोडलं, हाक दिली आणि सवयीप्रमाणं मी बाणासारखी सुटले. दहा-वीस पावलांत दम लागला. “हरणे, ये” म्हणायला गेले तर ‘हर’ एवढंच बाहेर पडलं, बाकीचं नाव घशात. मागं वळून बघितलं तर हरणी गवत खात उभी. परत तिच्यापाशी गेले, परत सुटले, परत तेच. चौथ्यांदा हरणीनं मान वर करून माझ्याकडं असं काही बघितलं की आमच्या गल्लीतल्या कुठल्याही माणसानं माझा एवढा अपमान आजवर केला नव्हता.

मला रडू यायला लागलं. म्हशीलासुद्धा माझी पळण्याची लायकी कळली होती. पण गोठ्यात परत जाऊन आबांना काय सांगायचं? डोळे पुसले आणि म्हटलं, पळणं राहू दे, आधी ही हलू तर दे. चालत चालत हाक मारली. हरणी चार पावलं आली. मग चालण्यापेक्षा थोडंसं जास्त, म्हातारी बाई बस गाठायला निघते तेवढंच पळाले आणि हाक मारली. सगळं नाव तोंडातून बाहेर आलं. “हरणेऽ, ये ये ये ये.” मागून तिच्या गळ्यातली घंटा वाजायला लागली.

मला लाज वाटत होती, इतकी मी हळू पळत होते. रंकाळ्यावर अशी पळाले असते तर धैर्यशीलनं मोटारसायकलच अंगावर घातली असती. पण जरा जोर केला की हाक तुटायची आणि हाक तुटली की घंटा थांबायची. म्हणून मी हाक मारता येईल तेवढंच पळत राहिले. लांब हाक मारली की पोटातली हवा सगळी बाहेर जायची आणि मग नवी हवा आपोआप आत यायची, पार पोटापर्यंत. मला काही करावंच लागत नव्हतं. तोंड मिटून हाक मारता येत नाही, त्यामुळं वस्तादांचा मंत्रही तिथंच गळून पडला.

माळाच्या पलीकडच्या टोकाला बाभळीचं झाड आहे. तिथं पोहोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी थांबलेलेच नाही. कुशीत चमक नव्हती. छाती शांत होती. मागं हरणी फुसफुसत उभी होती आणि मला जन्मात पहिल्यांदा वाटलं की आणखी पळावं. मी तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. तिनं माझ्या ओढणीला शेंबूड लावला.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. दूध मी पळून आल्यावरच प्यायची, आणि आबा खाटेवरून ते बघायचे. पाडव्यापर्यंत हाक न तुटता मी बऱ्यापैकी जोरात पळायला लागले होते. जोर मी वाढवला नाही, तो हळूहळू आपला आपण आला.

पाडव्याला आबांची खुर्ची दारात मांडली होती. मी सलवार खोचून पुढं, मागं शिंगं रंगवलेली हरणी. शेजारचे हंबीरराव गवळी मोठ्यानं म्हणाले, “केरबा, औंदा पोरगी पळवायलाईस का म्हस?” लोक हसले. मी हाक दिली आणि निघाले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, हरणी एकदाही थांबली नाही. परत आले तेव्हा हंबीररावच शिट्ट्या मारत होते. आबा तेवढ्यात डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगत होते. रस्ता सकाळीच शिंपला होता.

भरतीच्या दिवशी मैदानावर शिट्टी झाली तशा सगळ्या पोरी सुटल्या. मी सर्वांत मागं. कुंपणाबाहेरून धैर्यशीलचा आवाज आला, “अगं पळ की!” मी ऐकलं नाही. मी ओठांत म्हणत होते, हरणे, ये ये ये ये. शेजारची एक पोरगी दचकून बघायला लागली. तिच्याकडं बघायला मला सवड नव्हती. दुसऱ्या फेरीपासून पुढच्या पोरी एकेक करून माझ्या बाजूनं मागं जायला लागल्या. त्यांची मिटलेली तोंडं आणि लाल चेहरे बघून मला माझीच आठवण येत होती.

शेवटच्या फेरीला मी घोळ घातला. पुढं एक उंच पोरगी होती. मला वाटलं हिला गाठलीच पाहिजे, नाहीतर वेळ जाईल आणि राधानगरीची बस पकडावी लागेल. मी जोर केला. हाक तुटली. पाठोपाठ कुशीत ती जुनी चमक. तोंड आपोआप मिटलं, पाय जड झाले आणि शेवटचा पट्टा अजून लांब होता. मला कळलं की आता मी थांबणार.

आणि कुंपणाबाहेरून हाक आली.

“मोनेऽ, ये ये ये ये.”

तीच चाल, तीच लांबवलेली हाक. आबा. प्लास्टर निघालं होतं, पण काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. एका हातानं तारा धरून ते मला म्हशीला बोलवतात तसं बोलवत होते. आजूबाजूची माणसं बघत होती. आबांना पर्वा नव्हती.

मी पाय आवरले. त्यांची हाक संपेपर्यंत श्वास सोडला, ती परत सुरू होईपर्यंत घेतला. चमक विरली. हाकेच्या मागं मी निघाले, हरणी यायची तशी, दावं नाही, काठी नाही. उंच पोरगी माझ्या पुढंच राहिली. पट्टा ओलांडला तेव्हा घड्याळवाल्या साहेबांनी आकडा बघून मान हलवली आणि म्हणाले, “वेळेत हाय. नंबर सांग.” मला नंबर सांगता आला. अख्खा, न अडखळता.

कुंपणापाशी गेले. आबांनी खांद्यावरच्या पिशवीतून छोटी किटली काढली. पहाटे धार काढून आणली होती आणि इतका वेळ तशीच सांभाळून ठेवली होती. मला एकदाही ‘आधी पी’ म्हणाले नव्हते. दूध पार गार झालं होतं. त्यांनी झाकणात ओतलं आणि तारांमधून माझ्यापुढं धरलं.

“पळून झालं न्हवं?” आबा म्हणाले. “आता पी.”